सगळ्यांचं बीपी १२०/८०: ॲम्ब्युलन्स सेवेत क्वालिटीचं काम नव्यानं हाती घेताना

बडोद्यात ॲम्ब्युलन्स म्हटलं की आधी १०८ आठवते. ती राज्याची सेवा, २९ ऑगस्ट २००७ पासून गुजरातेत चालू आहे. त्याच वर्षी राज्यानं इमर्जन्सी वैद्यकीय सेवांचा वेगळा कायदाही केला. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत क्वालिटी बघायला माणसं असतात. हा लेख त्यांच्यासाठी नाही. खाजगी हॉस्पिटलांच्या आणि ट्रस्टांच्याही गाड्या शहरात धावतात, कुठे दोन, कुठे आठ. तिथं एक दिवस एखाद्या सीनियर ईएमटीला (गाडीत पेशंटवर उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाला), नर्सिंग सुपरवायझरला किंवा नुकतंच हॉस्पिटल मॅनेजमेंट करून आलेल्या मुलीला केबिनमध्ये बोलावतात आणि सांगतात, "उद्यापासून क्वालिटी तू बघ." हातात एक फाइल, एक एक्सेल शीट आणि पुढच्या महिन्यात एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाची, तपासणी असल्याची धास्ती. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर भागातल्या मराठी घरांतली अशी मुलंमुली मला भेटत असतात. सगळ्यांचा प्रश्न एकच: सुरुवात कुठून करू?

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्याच्या उजेडात वाचता येईल. या कामात सगळ्यात आधी सांभाळायचा तो नोंदीचा खरेपणा. गाड्या, मशिनं, प्रोटोकॉल हे सगळं त्यानंतर. आणि नोंद खरी राहते ती लिहिणाऱ्याला भीती नसेल तरच. ज्या दिवशी केस शीट (एका पेशंटच्या एका फेरीची नोंद) वाचून कोणाचा पगार कापला जातो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्या केस शीट सुंदर होतात. मग तुमच्यापाशी सुंदर कागद उरतात आणि कळत काहीच नाही.

पायरी १: पहिले पंधरा दिवस टेबल सोडा

गाडीत बसा. दिवसपाळीत बसा, रात्रपाळीत बसा. एकदा पुढे पायलटशेजारी, म्हणजे ड्रायव्हरशेजारी, एकदा मागे पेशंटजवळ. तिथं तुम्ही चुका टिपायला गेलेले नसता. फोन वाजल्यापासून गाडी पुन्हा मोकळी होईपर्यंत काय काय आणि कोणत्या क्रमानं घडतं, तेवढंच पाहायचं. फोन उचलला, पत्ता कळला, गाडीला सांगितलं, चाकं हलली, गाडी पोचली, पेशंटला हात लावला, तिथून निघाली, हॉस्पिटलला पोचली, पेशंट ताब्यात दिला, गाडी धुऊन-भरून मोकळी झाली. छापील फॉर्मवर यातल्या चार-पाचच वेळांना जागा असते.

सगळ्यात महत्त्वाची फट आहे ती 'गाडी पोचली' आणि 'पेशंटला हात लावला' यांच्यामधली. मांडवी-वाडीकडच्या पोळांत, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांत, गाडी तोंडाशीच थांबते, पुढे स्ट्रेचर हातानं न्यावं लागतं. जुन्या वाड्यांचे लाकडी जिने इतके अरुंद आणि उभे की स्ट्रेचर वळतच नाही. पेशंटला खुर्चीत किंवा चादरीत उतरवतात. नव्या भागातल्या सोसायट्यांत वॉचमन गेट उघडायला वेळ लावतो आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. हा वेळ पायलटच्या खात्यात धरला तर अन्याय होतो, आणि कुठेच धरला नाही तर जिने उतरायची खुर्ची घेण्याचं कारणच कोणाला पटत नाही. फॉर्ममध्ये दोन्ही वेळा हव्यात. पहिली सुधारणा हीच करून घ्या, खर्च शून्य.

पायरी २: घड्याळं जुळवा

कॉल घेणाऱ्या टेबलावरचा कॉम्प्युटर, ईएमटीचं मनगटी घड्याळ, मॉनिटर-डिफिब्रिलेटरचं (हृदयाची लय दाखवणाऱ्या आणि शॉक देणाऱ्या मशिनचं) आतलं घड्याळ, हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीतलं भिंतीवरचं घड्याळ. चारही वेगळी वेळ दाखवत असतील तर पेशंट पोचायच्या आधीच त्याचा ईसीजी निघाल्याचं कागदावर दिसतं. दर सोमवारी सकाळी सगळी घड्याळं मोबाइलच्या नेटवर्कच्या वेळेशी जुळवायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. एवढंच. पण हे केल्याशिवाय मिनिटांचा कुठलाही हिशेब मांडू नका.

पायरी ३: एका महिन्याच्या केस शीट वाचा, फक्त आकड्यांसाठी

पीसीआरचा, म्हणजे याच केस शीटचा, गठ्ठा घ्या. निदान, औषधं बाजूला ठेवा. फक्त बीपी, नाडी, श्वास आणि ऑक्सिजनचे आकडे एका शीटमध्ये उतरवा आणि वरून खाली नजर फिरवा. बीपी १२०/८०, १३०/८०, ११०/७०. शेवटचा आकडा कायम शून्य. श्वास १८, २०, १८, २०. जळालेल्या पेशंटचा श्वास १८, बाळंतिणीचा १८, दमेकऱ्याचा २०. ऑटोमॅटिक मशिननं घेतलेलं बीपी इतक्या वेळा शून्यावर संपत नाही, आणि धाप लागलेला माणूस मिनिटाला १८ श्वास घेत नाही.

नवा माणूस इथे चिडतो. चिडू नका. श्वास मोजायला किमान अर्धा मिनिट छातीकडे बघत बसावं लागतं, आणि हलत्या गाडीत तो वेळ काढणं अवघड असतं. शिवाय फॉर्मवर चौकोन रिकामा राहिला तर ओरडा पडतो हे ईएमटीला ठाऊक असतं, आकडा खोटा असला तर पडत नाही हेही ठाऊक असतं. म्हणजे खोटा आकडा लिहायला आपणच शिकवलेलं असतं. त्यामुळे पहिला नियम लेखी काढून घ्या: चौकोन रिकामा चालेल, शेजारी कारण हवं. 'हात लावू देत नव्हता', 'सीपीआर चालू होता', 'दोन मिनिटांत कॅज्युअल्टी आली'. या नियमावर मेडिकल डायरेक्टरांची सही घ्या, तुमची चालणार नाही. पुढच्या महिन्यात रिकामे चौकोन वाढतील आणि मॅनेजमेंट म्हणेल की क्वालिटी घसरली. तेव्हा हाच गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवायचा.

पायरी ४: काय मोजायचं ते ठरवा, थोडंच

अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे तीन भाग मांडले: व्यवस्था, प्रक्रिया आणि परिणाम. गाडीत काय आहे, पेशंटसाठी काय केलं आणि पेशंटचं काय झालं. नवखा माणूस पहिल्याच भागात अडकतो, कारण तो टिक करून संपवता येतो. मॅनेजमेंटला आवडतो तो एकच पोरका आकडा: किती मिनिटांत पोचलो. खरं काम मधल्या भागात आहे.

छातीत दुखणाऱ्या पेशंटपासून सुरुवात करा. पेशंटला हात लावल्यापासून दहा मिनिटांच्या आत बारा लीडचा ईसीजी निघाला का? ॲस्पिरिन, म्हणजे तुमच्या प्रोटोकॉलप्रमाणे ३०० किंवा ३२५ मिलिग्रॅमची गोळी, चावायला दिली का? ईसीजीत हार्ट ॲटॅक दिसल्यावर हॉस्पिटलला आधी फोन गेला का, आणि पेशंट नेला तो चोवीस तास कॅथलॅब (हृदयाच्या बंद नळ्या उघडण्याची सोय) चालू असलेल्या ठिकाणी की फक्त जवळच्या? पॅरॅलिसिसच्या पेशंटमध्ये: रक्तातली साखर तपासली का, आणि पेशंट शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहिली का? 'सकाळपासून' ही वेळ नव्हे. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे ती एक ओळ नसली तर न्यूरॉलॉजिस्टचे हात बांधले जातात. गाडीत बाळंतपण झालं तर: बाळ कोरडं करून आईच्या अंगाशी धरलं का, पहिल्या मिनिटात आईला ऑक्सिटोसिनचे (रक्तस्राव रोखणाऱ्या इंजेक्शनचे) १० युनिट मिळाले का, रक्तस्राव बघितला का. अपघातात: अडकलेला पेशंट नसेल तर जागेवर दहा मिनिटांपेक्षा जास्त का लागली.

प्रत्येक प्रश्नाला 'हो' आणि 'नाही' एवढे दोनच रकाने ठेवलेत तर हिशेब चुकणार. चार हवेत: केलं, केलं नाही, केलं असेल पण लिहिलं नाही, लागू नव्हतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेला पेशंट 'लागू नव्हतं'मध्ये जातो, आणि लागू नसलेल्यांना वगळूनच टक्केवारी काढायची. कोण कुठे जाईल याचे नियम गठ्ठा उघडण्यापूर्वी लिहून ठेवा. उघडल्यावर नियम ठरवणारा माणूस नकळत आपल्या आवडीच्या टीमला सूट देतो.

हृदय बंद पडलेल्या पेशंटांची गोष्ट वेगळी. त्यासाठी १९९१ पासून जगभर उत्स्टाइन नावाची नोंदीची पद्धत वापरात आहे: कोणासमोर कोसळला, आजूबाजूच्यांनी छाती दाबून सीपीआर दिला का, हृदयाची पहिली लय कोणती होती, नाडी परत आली का, पेशंट घरी गेला का. रकाने तेच ठेवा. पण लहान सेवेला महिन्याला अशा दोन-चार केसेस येणार. त्यांचे टक्के काढून बोर्डावर लावण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक केस संपूर्ण वाचा, डिफिब्रिलेटरची पट्टी काढून बघा: छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२० होते का, थांबे दहा सेकंदांच्या आत होते का.

आता मिनिटं. ती मोजायचीच, पण सरासरी काढू नका. समजा, दहा कॉल झाले आणि पोचायला ८, ८, ९, ९, १०, १०, ११, १२, १४ आणि ३९ मिनिटं लागली. सरासरी १३. दहापैकी आठ कॉल १३ च्या आतले असताना १३ हा आकडा कोणाची गोष्ट सांगतो? मधला आकडा १० सांगा, दहातल्या नऊ पेशंटांपर्यंत १४ मिनिटांत पोचलो हे सांगा, आणि ३९ वाली केस शीट बाहेर काढून वाचा. अमेरिकेत बऱ्याच शहरांच्या करारांत ९० टक्के कॉलना ८ मिनिटं ५९ सेकंदांत पोचायची अट असते. ती अट उचलून बडोद्यात आणण्यात शहाणपण नाही. गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी सूरसागरच्या आसपास ती कोणी पाळून दाखवावी. आणि मिनिटांवर बक्षीस लावलंत तर न्यायमंदिराच्या कोपऱ्यावरूनच 'पोचलो'चं बटण दाबलं जाणार, हे धरून चाला. जीपीएसशी पडताळा ठेवा, पण शांतपणे.

पायरी ५: सगळं वाचू नका, पण हे सगळं वाचा

सगळ्या केस शीट वाचायला माणूस पुरत नाही. काही प्रकार मात्र शंभर टक्के वाचायचे: सीपीआर, वाटेतला मृत्यू, घशात ट्यूब टाकलेला पेशंट, गाडीतलं बाळंतपण, लहान मुलं, आणि न नेलेला पेशंट. बाकीच्यांतून चिठ्ठी टाका. महिन्याच्या सुरुवातीला एक अंक काढा, केस नंबर त्या अंकानं संपेल ती शीट वाचायची. 'सहज हाताला लागली ती' ही पद्धत नव्हे. हाताला नेहमी त्याच ईएमटीच्या शीट लागतात ज्याच्यावर आपला राग असतो.

न नेलेल्या पेशंटबद्दल थोडं थांबून सांगते, कारण धोका सगळ्यात जास्त तिथं असतो आणि तीच शीट सगळ्यात कोरी असते. 'नातेवाइकांनी नकार दिला', खाली सही, संपलं. बघायचं ते असं: आकडे निदान दोनदा घेतले का, साखर बघितली का, पेशंट भानावर होता का, धोका त्याला कळेल अशा भाषेत कोणी सांगितला, आणि चोवीस तासांत त्याच पत्त्यावरून पुन्हा फोन आला का. एक प्रकार तर डोळ्यांत तेल घालून शोधा. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, घेणाऱ्या पेशंटची साखर उतरते, ग्लुकोज दिल्यावर तो टुणकन उठून बसतो, घरचे हसतात आणि "आता बरं आहे, राहू दे" म्हणतात. गोळीचा असर तासन्‌तास टिकतो, साखर पुन्हा उतरते, आणि तेव्हा मध्यरात्र झालेली असते. अशा पेशंटला घरी सोडायचं नाही, देखरेखीसाठी न्यायचं. ही ओळ प्रोटोकॉलमध्ये नसेल तर आधी ती घालून घ्या, मग ईएमटीला विचारा.

पायरी ६: बैठक घ्या, पण आधी नाव झाका

शीटवरचं टीमचं नाव आणि पेशंटचा शेवट, दोन्हींवर कागद लावा. शेवट कळला की वाचणाऱ्याचं डोकं फिरतं: पेशंट गेला असेल तर प्रत्येक निर्णय चुकीचा दिसतो, वाचला असेल तर ढिसाळपणाही चालून जातो. दोघांनी स्वतंत्र वाचायचं, एक डॉक्टर आणि एक गाडीवर काम केलेला. दोघांचं मत वारंवार जुळत नसेल तर गडबड ईएमटीत नाही, तुमच्या प्रश्नात आहे. तो प्रश्न पुन्हा लिहा.

चूक सापडली की एकच कसोटी लावा: त्या ईएमटीच्या जागी तेवढंच शिकलेला दुसरा कोणी असता तर त्याच्याही हातून हेच झालं असतं का? घशातला कफ ओढणाऱ्या सक्शन मशिनची बॅटरी ऐन वेळी संपलेली होती आणि सकाळच्या चेकलिस्टवर टिक होती, हे नेहमीचं उदाहरण. मेमो द्यायला सोपं आहे. जरा खोदलं तर कळतं की गाडी उभी राहते तिथं चार्जिंगचा पॉइंट एकच आहे, त्यावर डिफिब्रिलेटर लावतात, आणि चेकलिस्ट इतकी लांब की ती पूर्ण वाचून भरली तर शिफ्ट बदलताना गाडी बराच वेळ अडकते. सगळेच डोळे मिटून टिक करतात. इथे मेमो एकाला देऊन उपयोग नाही. एक्स्टेंशन बोर्ड लावायचा आणि चेकलिस्ट जीव वाचवणाऱ्या दहा-बारा गोष्टींवर आणायची. साधी चूक, सवयीनं पडलेली पळवाट आणि जाणूनबुजून केलेली बेफिकिरी, या तिन्हींना वेगवेगळं वागवायचं. पिऊन ड्युटीवर आलेल्या माणसाचा विषय मात्र या बैठकीत आणूच नका, तो एचआरचा.

पायरी ७: गाडीचा हिशेब गणितानं

टिकमार्कपेक्षा आकडा लिहायला लावा. 'ऑक्सिजन आहे' असं नको, गेजवर किती ते. बी टाइप सिलेंडरमध्ये पूर्ण भरलेला असताना साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १५ लिटर लागणारा पेशंट अहमदाबादला न्यायचा, अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. १५०० भागिले १५, शंभर मिनिटं. नरोडा-मणिनगरच्या ट्रॅफिकमध्ये तो संपणार. डी टाइपमध्ये साधारण ७००० लिटर, तो पुरतो. हे गणित निघण्यापूर्वी शीटवर लिहिलेलं हवं. सिलेंडरचा डी टाइप आणि एआयएस-१२५ या ॲम्ब्युलन्सच्या मानकातला गाडीचा 'डी' प्रकार, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेली ॲडव्हान्स्ड गाडी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवखे त्यांत हमखास गोंधळतात. गाडीवर मोठ्या अक्षरांत 'आयसीयू' रंगवलं म्हणून ती 'डी' होत नाही.

मे महिन्यात उभ्या गाडीच्या आत काय तापतं ते एकदा थर्मामीटर ठेवून बघा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आहे, आणि साखर तपासायच्या पट्ट्या उन्हात चुकीचे आकडे देऊ लागतात. एक छोटी कूलबॉक्स आणि दिवसातून दोनदा तापमानाची नोंद.

पायरी ८: एक बदल, एक आलेख

एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी एका गाडीवर, एका आठवड्यासाठी. जमलं तर दुसऱ्या गाडीवर. दर आठवड्याचा टक्का कागदावर बिंदूनं मांडा आणि आधीच्या दहा-बारा बिंदूंच्या मधल्या आकड्यावर आडवी रेघ मारा. बिंदू वर-खाली होतच राहणार, एका आठवड्याला पेढे नकोत आणि एका आठवड्याला झाडाझडतीही नको. सलग सहा बिंदू रेघेच्या एकाच बाजूला आले तर खरंच काही बदललंय असं धरा.

उत्तरायणाचे दोन दिवस, नवरात्रीच्या रात्री आणि विश्वामित्री नदीला पूर आलेले दिवस आलेखावर वेगळ्या रंगात दाखवा. १४ जानेवारीला मांज्यानं गळा कापलेले, गच्चीवरून पडलेले पेशंट एकदम वाढतात आणि गल्लीबोळ भरलेले असतात. त्या दिवशीची मिनिटं रोजच्या मिनिटांत मिसळली तर जानेवारी कायम वाईट दिसेल. ऑगस्ट २०२४ च्या पुरासारख्या दिवसांत तर 'किती मिनिटांत' हा प्रश्नच सोडा. कोणत्या भागात गाडी जाऊच शकली नाही आणि तिथला पेशंट शेवटी कोणी काढला, याची यादी करा.

पायरी ९: पेशंटचं पुढे काय झालं ते टीमला सांगा

हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात कमी केलं जातं. ईएमटी पेशंट सोडून येते आणि पुढचं तिला कधीच कळत नाही. ज्या हॉस्पिटलांत तुमचे पेशंट जास्त जातात तिथल्या कॅज्युअल्टीच्या प्रमुखांना आणि मेडिकल रेकॉर्ड विभागाला प्रत्यक्ष भेटा, लेखी परवानगी घ्या, आणि पेशंट ताब्यात देताना त्यांचा केस नंबर आपल्या शीटवर उतरवायची सवय लावा. त्या नंबराशिवाय सयाजी हॉस्पिटलसारख्या मोठ्या ठिकाणी आपला पेशंट पुन्हा शोधणं जवळजवळ अशक्य. आठवड्याला निदान पाच केसेसचं अंतिम निदान मिळवा आणि त्या त्या टीमला चार ओळींत कळवा: तुम्ही पॅरॅलिसिस म्हणालात, सीटी स्कॅनमध्ये तोच निघाला, तुम्ही ॲसिडिटी लिहिलंत, तो हार्ट ॲटॅक होता, ईसीजी सोबत जोडलाय. दुसऱ्या प्रकारचा निरोप कागदावर पाठवू नका, समोर बसून सांगा, शक्यतो दुसऱ्या कोणाच्या देखत नाही.

आणि हे निरोप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत. शीटचा फोटो तर मुळीच नाही. त्यावर पेशंटचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर असतो, आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यापासून तो फोटो म्हणजे संस्थेच्या गळ्यातला फास आहे. ग्रुप आधीच चालू असेल तर पहिल्याच आठवड्यात बंद करून घ्या. जुने फोटो सगळ्यांच्या फोनमधून पुसले गेलेत याची खात्री प्रत्येकाचा फोन हातात घेऊनच होते.